अमेरिकेतलं पहिल्या घराचं टॅक्स क्रेडिट: ८००० वालं भारी, ७५०० वालं नाही पटलं

मंदीत घरं खपेनात म्हणून अमेरिकेच्या सरकारने हे काढलं, म्हणजे पहिल्यांदा घर घेणाऱ्याच्या टॅक्समधून थेट तेवढी रक्कम वजा. २००८ चं ७५०० डॉलरवालं क्रेडिट म्हणजे खरं तर बिनव्याजी कर्जच, १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने परत फेडायचं, मग त्याला सूट कशाला म्हणायचं! २००९ चं मात्र एक नंबर, ८००० डॉलरपर्यंत मिळायचे आणि ३ वर्षं त्याच घरात राहिलात की परत काही द्यायचं नाही, वर टॅक्स कमी बसत असेल तर उरलेली रक्कम रिफंड म्हणून हातात. तक्रार आहे ती डेडलाईनची, ३० एप्रिल २०१० च्या आत करार करा म्हटल्यावर सगळ्यांची एकच झुंबड आणि मुदत संपल्यावर जुलैत विक्री धाडकन खाली. आणि ज्यांच्याकडे डाऊन पेमेंटलाच पैसे नव्हते त्यांना नंतर मिळणाऱ्या क्रेडिटचा काय उपयोग?