तळघरातल्या खड्ड्यासाठी पंप घेताना: पावसाचा, मैल्याचा की वरून ओढणारा?

तळघर रस्त्यावरच्या ड्रेनेजपेक्षा खाली असलं की तिथलं पाणी उताराने बाहेर जात नाही. खड्डा करून ते पंपाने उचलावं लागतं. दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती एचपी?’ माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: खड्ड्यात पाणी कोणतं येणार, आणि पंप अडकला तर कुणालाही आत न उतरवता तो वर कसा काढणार.

पाणी फक्त पावसाचं किंवा भिंतीतून झिरपणारं असेल तर साधा डीवॉटरिंग सबमर्सिबल (पाण्यात बुडून राहून पाणी उपसणारा पंप) पुरतो. छोट्या बंगल्याला बहुधा अर्धा एचपी पुष्कळ होतो. तो हलका असतो, दोरीने ओढून एकट्याला बाहेर काढता येतो. याच्यातून पाच-दहा मिलिमीटरचा कचरा निघून जातो. त्याहून मोठं काही आलं की पंखा अडकतो. आठ महिने कोरडा पडून राहणं ही त्याची खरी परीक्षा असते. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतून फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) उचलला जातो का आणि मोटर फिरते का, हे पाहून घ्या. पहिल्या मोठ्या पावसात जाम झालेला पंप सापडला तर मेकॅनिक मिळत नाही.

तळघरात संडास असेल तर हा पंप चालत नाही. स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवला तरी घेऊ नका. मैल्यासाठी दोन प्रकार आहेत. एका प्रकारातून ३५ ते ५० मिलिमीटरचे घन पदार्थ तसेच पुढे जातात. दुसऱ्यात, म्हणजे कटर पंपात, ते आधी चिरले जातात. पहिल्याला डिलिव्हरी पाइप (पंपातून पाणी बाहेर नेणारा) किमान ५० मिलिमीटरचा लागतो, शक्यतो त्याहून मोठा. कटरचं काम बारीक पाइपात भागतं आणि पाणी लांब किंवा उंच न्यायचं असेल तिथे तो उपयोगी पडतो. मात्र त्याची पाती झिजतात. सॅनिटरी पॅड, फडकी आणि ओले वाइप्स यांपुढे तर दोन्ही पंप हात टेकतात. ड्रेनेजचं चेंबर कुंपणाजवळच असेल, तर मी कटरच्या वाटेला न जाता घन पदार्थ तसेच पुढे जाऊ देणारा पहिला पंप घेईन. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं.

तिसरा पर्याय म्हणजे जमिनीवर बसणारा मड पंप. मोटर कोरडी राहते, दुरुस्ती डोळ्यांसमोर होते आणि खड्ड्यात विजेची वायर जात नाही, म्हणून तो अनेकांना सुरक्षित वाटतो. पण तो वरून ओढतो, आणि ओढायला व्यवहारात सहा-सात मीटरची मर्यादा असते. प्रायमिंग (पंपात आणि ओढणाऱ्या पाइपात आधी भरून ठेवलेलं पाणी) सुटलं की तो नुसताच फिरत राहतो. शिवाय तळघरात पाणी चढलं की फरशीवरची मोटर सगळ्यात आधी बुडते. पाणी चढण्याचा धोका असलेल्या घरात म्हणूनच सबमर्सिबल बरा.

एचपीपेक्षा हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, पाहा. खोक्यावर लिहिलेलं ‘मॅक्स हेड’ म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची. तळापासून पाइप जिथे सुटतो तिथपर्यंत चार मीटर असतील, तर बेंड आणि पाइपचं घर्षण धरून पाच-सहा मीटरला मिनिटाला किती लिटर पाणी मिळतं, ते कंपनीच्या तक्त्यात बघा.

आता धोक्यांचं. पावसाच्या खड्ड्यात मुख्य भीती विजेची. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग, पाण्यात कुठेही जोड नसलेली अखंड वायर आणि पूर चढणार नाही इतक्या उंचीवर बोर्ड या चार गोष्टींत काटकसर नको. पंप कधीही वायरने लटकवू नका किंवा वायर धरून ओढू नका. नायलॉनची दोरी किंवा स्टीलची साखळी वापरा. पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा.

मैल्याच्या खड्ड्यात याच्या जोडीला वायू असतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, म्हणून ‘वास नाही, उतरायला हरकत नाही’ हा समज जीवघेणा आहे. मिथेन पेट घेतो. या खड्ड्याला घट्ट झाकण आणि थेट छतापर्यंत नेलेला व्हेंट पाइप हवाच. पंप साखळीने वर ओढता यावा म्हणून झाकणाजवळ, हाताला येईल अशा जागी युनियन (पाइप खोलता येणारा जोड) बसवून घ्या. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये केली. पण गेलेला माणूस कुठल्याही रकमेने परत येत नाही. ‘पाच मिनिटांचं काम आहे, पोरगा उतरेल’ असं म्हणणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नका.

दोन्हीकडे डिलिव्हरीवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवा, नाहीतर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि मोटर सारखी चालू-बंद होत राहते. दुरुस्तीच्या सोयीसाठी त्याच्या पुढे हाताने बंद करता येणारा एक व्हॉल्व्ह ठेवा.

बॅकअपला पैसे मोजके असतील तर ते पावसाच्या पंपावर घाला. वीज गेली तर तळघरातला संडास आपण तात्पुरता बंद ठेवू शकतो, पाऊस थांबवू शकत नाही. आणि धो धो पावसातच वीज जाते. घरातला इन्व्हर्टर मोटर चालू होतानाचा झटका सहन करील का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. जमलं तर थोड्या वरच्या पातळीवर फ्लोट असलेला दुसरा पंप त्याच खड्ड्यात ठेवा.

दोन्ही प्रकारचं पाणी असेल तर खड्डे दोनच करा. एकाच खड्ड्यात सोडलं तर मुसळधार पावसात तो भरून मैला तळघरात पसरू शकतो. पावसाच्या गटारात मैला सोडणं तर शेजाऱ्यांवरही अन्याय आहे. घराचा नकाशा अजून कागदावरच असेल, तर तळघरातला संडास वर हलवता येतो का, ते आधी आर्किटेक्टला विचारा. मैल्याचा पंप लागणारच नाही.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी खड्डा पाण्याने भरायला लावा. फ्लोटने पंप आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज तुटली पाहिजे, आणि खड्ड्यात न उतरता पंप वर काढून दाखवला पाहिजे.