षष्ठी आता विकत मिळेल: लॅटिन कोशाचं ॲप, सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवाच्या अपडेटनंतर षष्ठी विभक्तीचं रूप गायब! आता नामाची फक्त प्रथमा दिसते, आणि षष्ठी हवी असेल तर वर्षाला ७९९ रुपये.

ॲप लॅटिन शब्दांचे अर्थ, त्यांची विभक्तीची रूपं आणि त्यांच्यापासून पुढच्या भाषांत आलेले शब्द दाखवतं. मी स्पॅनिश शिकतोय आणि बागेचा नाद आहे, म्हणून मी त्यात झाडापानांचेच शब्द धुंडाळत असतो. कुठलाही छापील कोश 'फ्लोस' (फूल) लिहिला की शेजारी 'फ्लोरिस' ही षष्ठी देतोच, कारण त्याशिवाय शब्दाचं अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात तो 'फ्लोर-' हा भाग, कळत नाही. लॅटिनमधून निघालेल्या स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन अशा रोमान्स भाषांनी बहुतेक नामं द्वितीयेवरून उचलली, आणि द्वितीयेतही षष्ठीतलंच अंग असतं. 'फ्लोस' पाहून स्पॅनिश 'फ्लोर' डोक्यात येत नाही, 'फ्लोरेम' पाहून लगेच येतो. मूळ या अर्थाचा 'रादीक्स' घ्या. 'रादीकेम' माहीत नसेल तर इटालियन 'रादीचे' कुठून उगवलं? म्हणजे ज्यासाठी ॲप घेतलं, नेमकं तेच कुलपात. तक्रार केली तर उत्तर आलं, 'ॲप पुन्हा इन्स्टॉल करून पाहा.' केलं. षष्ठी काही आली नाही.

एक तारा देऊन मोकळा होणार होतो, तेवढ्यात वंशवृक्षाचं, म्हणजे एका शब्दापासून कुठल्या भाषेत कुठले शब्द झाले ते दाखवणारं, बटण दाबलं गेलं. ते अजून फुकट आहे. 'रादीक्स'खाली फ्रेंच 'रासीन' आणि रोमानियन 'रदचीना' शेजारी शेजारी! दोन्ही 'रादीकीना' या, 'छोटं मूळ' अशा अर्थाच्या, उत्तरकालीन लॅटिन रूपावरून आलेत. मधल्या इटालियनने ते घेतलं नाही, टोकांच्या दोघींनी घेतलं. मग रात्री एक वाजेपर्यंत तेच. 'फोलिउम' (पान) नपुंसकलिंगी, पण त्याचं अनेकवचन 'फोलिआ' लोकांनी स्त्रीलिंगी एकवचन म्हणून वापरलं आणि त्यातून इटालियन 'फोल्या', फ्रेंच 'फेय', स्पॅनिश 'ओखा'. 'आर्बोर' (झाड) लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी. पोर्तुगीजमध्ये ते अजून तसंच आहे, पण फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनमध्ये पुल्लिंगी झालं. 'पुतारे' म्हणजे छाटणं, शिवाय हिशोब आणि विचार करणंही. स्पॅनिश 'पोदार'मध्ये फक्त छाटणी उरली. (छाटणी करताना माझाही विचार बंदच असतो.)

हे सगळं फुकटात दाखवणारं ॲप वाईट कसं म्हणू? पण ७९९ काही देणार नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुना, खिशात मावणारा लॅटिन कोश १५० रुपयांत मिळाला. मागचं पुठ्ठं निघालंय, पण षष्ठी प्रत्येक नामापुढे आहे.

ॲप वंशवृक्षासाठी ठेवलंय. अडीच तारे द्यायचे होते, अर्धा देता येत नाही. दोन.