म्हातारा घोडा पाय देईना: गुंगीचं इंजेक्शन की थोडं थोडं काम?

आयुष्यभर खूर तासायला गुमान पाय देणारा घोडा विशी ओलांडल्यावर पाय हिसकायला लागला, तर तो माजला असं समजू नका. बहुतेक वेळा सांधे दुखत असतात. आणि डावा पाय हिसकावतो म्हणून डावाच दुखतो असंही नाही: डावा उचलला की भार उजव्यावर जातो, दुखणारा तोच असू शकतो. असल्या घोड्याला ओठाला पिळा घालून उभं करणं मला तरी पटत नाही.

झायलाझिन हे गुंगीचं औषध शिरेतून दिलं की पाचेक मिनिटांत मान खाली येते, अर्धा-पाऊण तास मिळतो, चारही खूर एकाच दिवशी उरकतात. मात्र गुंगीतला घोडा नालबंदाच्या पाठीवर अंग टाकतो, आणि झोपल्यासारखा दिसणाराही मध्येच नेमकी लाथ हाणतो. वयस्क घोड्याचं हृदय आधी तपासून घ्यावं लागतं. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा बंद, नाहीतर घास अन्ननलिकेत अडकतो.

हे सगळं सांभाळता येतं. माझं घोडं अडलं ते वेळेपाशी. डॉक्टर आणि नालबंद एकाच वेळी तबेल्यात हवेत. घोडबंदर रोडला, त्यातही पावसाळ्यात, हे जुळवून दाखवा! नालबंद गायमुखच्या घाटात अडकलेला, ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणतोय, आणि इकडे सुई भरून डॉक्टर घड्याळ बघतायत. त्याच्या फोनवर विसंबून टोचलं, तर तो पोचेपर्यंत घोडा निम्मा जागा. म्हणून नालबंद फाटकातून आत आल्याशिवाय सुई नाही. म्हणजे ताटकळायचं डॉक्टरांनी, आणि ते दर सहा-आठ आठवड्यांनी.

दुसऱ्या पद्धतीत नालबंद एकटा आला तरी चालतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक एक-दोन तास आधी. पोट आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही विचारूनच. पहाटे सांधे आखडलेले असतात, म्हणून काम उन्हं आल्यावर, आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून. ओल्या कोब्यावर नको, रबरी चटईवर. मागचा पाय बाहेर ओढायचा नाही. पोटाखाली, जेमतेम वीतभर उचलून खुराचं टोक बुटक्या लाकडी ठोकळ्यावर टेकवायचं. नालबंदाला गुडघे टेकून बसावं लागतं, तो कुरकुरणारच. मिनिटभर रासप (खूर घासायची कानस), मग घोड्याने मागायच्या आत पाय खाली. त्याने हिसकावल्यावर सोडलात, तर हिसकावलं की सुटका होते हे तो शिकतो. आज दोनच खूर, उरलेले दोन-तीन दिवसांनी. फेरी चार आठवड्यांवर आणली की दर वेळी रासप थोडाच लागतो.

खेपा वाढतात, पैसेही थोडे जास्त जातात. पण कोणता पाय दर महिन्याला अधिक दुखतोय ते घोडा सांगत राहतो; गुंगीत ते झाकलं जातं.

खुरात पू झालाय, किंवा जवळ जाताच लाथ येतेय, तर मात्र सरळ इंजेक्शन. तिथे ठोकळा घेऊन बसू नये.