जुना सोफा: पाण्याने धुवावा की कोरड्या फेसाने?

साबणाचं पाणी फवारून लगेच खेचून घेणारं मशीन मळ मुळापासून काढतं. सोफ्याच्या हातांवरचा घामट, तेलकट थर आणि मुरलेला वास यानेच जातो. कापड पॉलिएस्टरचं आणि फोम शाबूत असेल तर दुसरा विचार नको.

जुन्या सोफ्याची खरी अडचण आत असते. कापडाखालचा कापूस, काथ्या, तागाच्या पट्ट्या पाणी धरून ठेवतात. वरून हात लावला तर कोरडं लागतं, पण आतली ओल हळूहळू वर येते, सोबत जुना मळ आणते आणि सुती कापडावर तपकिरी कडा उमटतात. अल्कधर्मी साबण उरला तर त्या आणखी गडद होतात. म्हणून फवारणीची १ फेरी, खेचण्याच्या किमान ३, शेवटी सौम्य आम्लधर्मी पाणी आणि वाळेपर्यंत पंखा.

कोरडा फेस ब्रशने चोळून, वाळल्यावर व्हॅक्यूमने ओढतात. ओल फारशी आत जात नाही, सोफा १-२ तासांत वाळतो. खोल मळ मात्र तिथेच राहतो. फेस नीट ओढला नाही तर चिकट थरावर धूळ पुन्हा भराभर बसते.

आधी मागच्या बाजूला ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर दोन्ही पद्धती बाद. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनणारा रेशमासारखा धागा) मखमलीवरही पाणी नकोच; लव एकदा चपटली की सहसा उठत नाही.

काथ्या-कापसाच्या सोफ्याला आम्ही फेसच सुचवू.