शास्त्रीबुवांचे खंड : मजकूर पहिल्या प्रतीचा, बांधणी मात्र नाही

मिरज हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पेशव्यांच्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी पत्रे निवडून, बाळबोधीत (देवनागरीत) उतरवून, १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापण्यास आरंभ केला. या मालेचे बारा खंड त्यांच्या हयातीत निघाले आणि पुढचे त्यांच्या चिरंजीवांनी काढले. त्यांतील काही खंडांच्या छायाप्रती बांधून विकला जाणारा एक संच मी घेतला आणि गेले दोन महिने तो रोज थोडा थोडा वाचत आहे.

आधी तक्रार नोंदवतो. बांधताना आतला समास इतका दाबला गेला आहे की डाव्या पानावरील ओळींची शेवटची अक्षरे शिवणीत जातात. शब्दाचे एक वेळ अनुमान करता येते, पण फौजेच्या किंवा रकमेच्या आकड्याचे करता येत नाही. विक्रेत्याला हे कळवले, तेव्हा ‘जुनी पुस्तकं अशीच असतात’ असे उत्तर मिळाले.

मजकुराविषयी मात्र हात राखून लिहिण्याचे कारण नाही. कृष्णा-तुंगभद्रेकडचा मुलूख सांभाळण्याचे काम पटवर्धनांकडे असल्यामुळे हैदर, टिपू, परशुरामभाऊ पटवर्धनांनी घातलेला धारवाडचा वेढा, १७९५ ची खर्ड्याची लढाई हे सारे येथे छावणीतून लिहिलेल्या पत्रांत भेटते, आणि त्याच पत्रांत दाणावैरणीची ओढ, सावकाराचा तगादा व घरच्या दुखण्याची चौकशीही असते. ‘छ’ या एकाक्षरापुढे मुसलमानी महिन्याची तारीख दिसली की पहिले काही दिवस मी अडखळत असे. ‘छ’ म्हणजे चंद्र, हे एका परिचित मोडी वाचकाने सांगितल्यावर वाट मोकळी झाली. शास्त्रीबुवा पत्रांच्या प्रत्येक गटाआधी त्या काळाची हकिकत सलग सांगतात, ती अशी की कविता वाचण्यापूर्वी वर्गात प्रसंग समजावून द्यावा. (पुढे प्रश्न विचारतील, अशी धास्तीही मधूनमधून वाटते.) त्यांचे गद्य घट्ट आहे आणि कोण कोणाचा कोण, हे ते विसरू देत नाहीत.

उणीव आहे ती बाजूची. दप्तर पटवर्धनांचे असल्याने करवीरकर, म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती, येथे बहुधा शत्रू म्हणूनच येतात, आणि आपल्या सरदारांविषयीचा शास्त्रीबुवांचा जिव्हाळा हकिकतीत लपत नाही. कोल्हापूरच्या वाचकाने थोडे मीठ घेऊनच बसावे.

मोडीची पत्रे ज्याने कधीच वाचली नाहीत, त्याने एकदम सगळा संच न घेता एकच खंड घ्यावा, आणि तोही पाने उलगडून पाहिल्यावरच. मी माझा संच परत केलेला नाही. येत्या आठवड्यात ओळखीच्या बाइंडरकडे नेऊन शिवण उसवून घेणार आहे.