कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? आधी रस्ता बघ

धाकट्या भावाला फुल-सस्पेन्शन सायकल (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली) स्वतः जोडायची आहे, पण गाडं फ्रेमपाशी अडलंय: कार्बनची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची? त्याला सांगितलं ते असं.

चिखलदऱ्याचा घाट चढताना कार्बन हलकी, साधारण अर्ध्या किलोने. किमतीला मात्र अ‍ॅल्युमिनियम स्वस्त. खरा प्रश्न मार लागल्यावरचा. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला की दिसतो. कार्बनची चीर रंगाखाली लपते. नाण्याने ठोकत जायचं, खणखणीत आवाज मध्येच बोदा झाला की तिथे संशय धरायचा. शिवाय कार्बन जोडताना सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट; बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, कंपनीने लिहिलाय तेवढाच आवळायचा. काळ्या मातीचा चिखल पिव्हटच्या, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या, बेअरिंगांत दोन्हीकडे सारखाच शिरतो, म्हणून प्रेशरचं पाणी मारू नकोस, बाबा.

शर्यतीला उतरणार असशील, टॉर्क रेंच घेणार असशील, तर कार्बन. सायकल गाडीच्या टपावर बांधून मेळघाटात नेणार असशील, तर डोळे मिटून अ‍ॅल्युमिनियम.