शाळेच्या आठवणी: चिकटवही की रिंग फाइल?

बालवाडी ते दहावीचे कागद एका जागी ठेवायचे म्हटलं की फिरून दोनच पर्याय समोर येतात: सगळं डकवलेली जाडजूड चिकटवही, नाहीतर प्लॅस्टिकच्या खिशांची रिंग फाइल. छापील फोटोबुक देखणं होतं, पण त्यात मुलाच्या हातचा कागद नसतो, म्हणून ते सोडून देतो.

पहिल्या नजरेत चिकटवही जिंकते, हे मान्य. फोटोच्या बाजूला दोन ओळी खरडता येतात, स्नेहसंमेलनाचा बिल्ला तिरका लावता येतो. त्यापुढे फाइल म्हणजे निव्वळ कचेरी.

कुरबुर सुरू होते ती तिसरी-चौथीच्या आसपास, आणि माझ्या लेखी निकाल तिथेच लागला. वही फुगते. बांधणीच्या बाजूला नुसता कागद असतो, मोकळ्या कडेला कागद अधिक डकवलेला ऐवज. ४० पानांवर सरासरी १ मिलिमीटर जाडी चढली तरी कडेला ४ सेंटिमीटर वाढतात, बांधणी मात्र होती तेवढीच राहते. वर्गाचा ग्रुप फोटो त्याच्या पुठ्ठ्यासकट लावला तर विचारूच नका. वहीचा पुठ्ठा मिटत नाही, ती आ वासून पडते, पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, पानं लाटांसारखी वाकतात आणि शेवटी शिवण उसवते. यावर जुना उपाय आहे: मधली काही पानं कापून बांधणीपाशी २ सेंटिमीटरची पट्टी ठेवायची, म्हणजे तिथेही जाडी येते. पण किती पानं कापायची हे डकवण्याआधी ठरवावं लागतं. मूल पहिलीत असताना नववीचा अंदाज कुठून आणायचा?

डिंकाचं आणखी वेगळं. फेविकॉल पाण्यातला, पूर्ण पाठीला लावला की पातळ कागद सुरकुततो; चार कोपऱ्यांना ठिपके पुरतात. खळीला कसर लागते. सेलोटेप पिवळी पडून तिचा चिकटा कागदात उतरतो.

फाइलही निर्दोष नाही. स्वस्त खिसे पीव्हीसीचे असतात: मऊ, वास येणारे. काही वर्षांनी झेरॉक्सची अक्षरं कागद सोडून त्यांनाच चिकटतात. घ्यायचे ते पॉलिप्रॉपिलीनचे, किंचित दुधी, कडक, बिनवासाचे. तैलखडूच्या चित्रावर बटरपेपर हवाच. रिंग डी आकाराची असावी. गोल रिंगच्या वळणावर पानं अडकतात आणि भोकं फाटतात. पिना आणि स्टेपल आधी काढा, पावसाळ्यात गंजतात. लॅमिनेशन मात्र नकोच: उष्णतेने तैलखडू वितळतो आणि एकदा केलेलं परत निघत नाही.

चित्रकलेचा पाव इम्पिरियल कागद २८ बाय ३८ सेंटिमीटरचा, तो ए-फोरच्या खिशात मावत नाही. घडी घालू नका, ए-थ्री फोल्डर वेगळा ठेवा.

फाइलचं पारडं जड करणारी गोष्ट तशी रुक्ष आहे: कागद बाहेर काढता येतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचं प्रमाणपत्र दहावीला कलेच्या वाढीव गुणांच्या प्रस्तावासाठी लागतं. ते वहीत डकवलेलं असेल तर वाफ आणि पट्टी घेऊन बसा. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका तर कुठेच डकवू नयेत, आठवणींत त्यांची झेरॉक्स पुरे. शिवाय दुसरीतलं प्रगतिपुस्तक माळ्यावरच्या खोक्यात सातवीत सापडलं, तर फाइलमध्ये ते आपल्या जागी जातं.

रुक्षपणाही थोडा घालवता येतो. प्रत्येक इयत्तेच्या सुरुवातीला एक जाड कार्ड घाला: हाताच्या पंजाची बाह्यरेषा, उंची, वर्गशिक्षकांचं नाव, बाकावर शेजारी कोण. हे मुलानेच लिहावं, पेन्सिलने किंवा बॉलपेनने. स्केचपेन उजेडात फिकं पडतं. फोटोच्या पाठीवर मात्र मऊ पेन्सिलच, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतो.

कुणाला चिकटवहीच प्रिय असेल तर हरकत नाही, फक्त एकच मोठी वही घेऊ नका. दोन इयत्तांना एक पातळ वही, प्लॅस्टिक स्पायरलची. स्पायरल ऐवजापेक्षा सैल घ्यावं, आणि तारेचं नको, दमट हवेत तार गंजून पानांच्या कडेला डाग पाडते.